एवढं तर होणारच!

आपल्याकडे डॉक्टरांच्या केबिनपासून सोसायटीच्या जिन्यापर्यंत सगळीकडे फुकट मिळणारं एक औषध आहे. त्याचं नाव ‘होणारच’. “एवढं मोठं दुखणं निघालं, मग एवढं तर होणारच.” “वय झालं आता, होणारच.” “गोळ्या चालू आहेत ना? मग होणारच की!” गेल्या तीन वर्षांत हे मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. एरवी शनिवार-रविवारी इथे कोड, जुनी गाणी आणि नाशिकच्या मिसळी असले निरुपद्रवी विषय असतात. आजचा तसा नाही आणि जरा लांबणारही आहे. चहा घेऊन बसा.

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना तयारीला वेळ मिळेल. ब्रेस्ट कॅन्सरनंतर पाच-दहा वर्षं जी हार्मोनची गोळी घ्यावी लागते, तिचे त्रास आवरणं हा उपचाराचाच भाग आहे. वरून केलेली मेहेरबानी नाही. जो कुणी हे त्रास ‘होणारच’ म्हणून झटकतो, मग तो डॉक्टर असो, नवरा असो की शेजारच्या काकू, तो ती गोळी बंद पडायला हातभार लावत असतो.

मी डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाला आहे. त्यामुळे खालचं वाचून कुणी आपल्या मनाने गोळी सुरू, बंद किंवा बदल करू नये. डॉक्टरांना प्रश्न मात्र जरूर विचारावेत, त्यासाठीच हा उद्योग.

तर, माझी मावशी नाशिकरोडला राहते. शाळेतून निवृत्त झाली आणि वर्षभरात स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं यथासांग झालं. केमोच्या त्या महिन्यांत घरात माणसांचा नुसता राबता होता. कुणी डबा आणतंय, कुणी नारळपाणी, कुणी गाडी घेऊन दारात उभं. केस गेले तेव्हा शेजारणी येऊन रडून गेल्या. रेडिएशनचा शेवटचा दिवस झाला तसे काकांनी पेढे वाटले. संपलं! मग हातात एक चिठ्ठी आली. लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

आणि माणसं पांगली. साहजिक आहे म्हणा, गोळीसाठी कोण डबा घेऊन येणार?

आता ही गोळी करते काय ते आधी बघू, कारण ‘हार्मोन थेरपी’ या नावाने भलताच घोळ होतो. ऐकणाऱ्याला वाटतं बाईला हार्मोन देतायत. प्रकार नेमका उलटा आहे. स्तनाच्या बऱ्याच गाठींच्या पेशींवर इस्ट्रोजेन पकडणारे रिसेप्टर असतात. रिपोर्टात ‘ईआर पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं ते हेच. अशा गाठीला इस्ट्रोजेन म्हणजे खतपाणी, आणि ते तोडायचं हा या उपचाराचा सगळा खेळ. ग्लासगोच्या जॉर्ज बीटसनने १८९६ मध्येच बीजकोश काढले की काही बायकांच्या गाठी आक्रसतात हे दाखवलं होतं. तेव्हा हार्मोन हा शब्दसुद्धा जन्माला यायचा होता.

पुढे १९६२ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन नावाच्या केमिस्ट बाईंनी एक रेणू बनवला. हेतू होता गर्भनिरोधक गोळी. उंदरांत चालली, पण बायकांमध्ये तिने उलट बीज तयार व्हायलाच मदत केली. आमच्या धंद्यात याला रिक्वायरमेंटच्या बरोब्बर विरुद्ध डिलिव्हरी म्हणतात! पण फाइल बंद झाली नाही. १९७१ मध्ये मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमधून मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच औषध स्तनाच्या कॅन्सरवर वापरल्याचे निष्कर्ष छापले. हे टॅमॉक्सिफेन. ते इस्ट्रोजेनच्या कुलपात खोटी किल्ली घालून बसतं. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या दुसऱ्या घराण्यातल्या गोळ्या. पाळी गेल्यावर बीजकोश थांबतात, पण चरबीत आणि स्नायूंत अरोमाटेज नावाचं एन्झाइम थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवत राहतं. या गोळ्या तो कारखानाच बंद करतात.

(मावशीच्या पुतण्याने इंटरनेटवर लेट्रोझोल शोधलं तर ‘मूल होण्यासाठी’ असं आलं. झालं, केमिस्टने चुकीची गोळी दिली म्हणून घरात रण माजलं. खरं तर वंध्यत्वावर ही गोळी वापरतातच. आपल्या सरकारने २०११ मध्ये त्या वापरावर बंदी घातली होती आणि पुढे ती उठवली. पण हे कुणी आधी दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं तर केमिस्टच्या अंगावर जायची वेळ आली नसती. असो.)

ही गोळी साधीसुधी नाही हे आकड्यांत बघा. टॅमॉक्सिफेनच्या सगळ्या मोठ्या चाचण्यांचा एकत्र हिशोब २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ईआर पॉझिटिव्ह बायकांनी पाच वर्षं गोळी घेतली तर पहिल्या पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. २०१५ चा हिशोब सांगतो की पाळी गेलेल्या बायकांत अरोमाटेजवाल्या गोळ्या टॅमॉक्सिफेनपेक्षाही सरस. आणि २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं की या जातीचा कॅन्सर पाच वर्षं गोळी घेऊन थांबल्यावरही वीस वर्षांपर्यंत डोकं वर काढू शकतो. म्हणूनच काहींना दहा वर्षं गोळी देतात. २०१२ च्या ‘ॲटलास’ चाचणीत टॅमॉक्सिफेन पाचाऐवजी दहा वर्षं घेण्याचा फायदा स्पष्ट दिसला.

म्हणजे ज्या केमोसाठी अख्खं खानदान हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसलं होतं, तिच्या तोडीचं काम ही मुगाच्या दाण्याएवढी गोळी करते. रोज, एकटीने, स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून.

आता तिची किंमत. मावशीला तिसऱ्या महिन्यापासून सकाळी हाताची बोटं वळेनात. दुधाची पिशवी फोडायला कात्री, कुकरचं झाकण लावायला काका. पोळी लाटताना बेलणं हातातून सुटायचं. उठताना गुडघे आणि टाचा अशा धरायच्या की भिंतीला हात लावत लावत बाथरूमपर्यंत जायची. वर दिवसातून सात-आठ वेळा छातीतून वाफ उठून कानशिलांपर्यंत यायची आणि पाठोपाठ घाम. मे महिन्यात नाशकात सगळ्यांनाच घाम येतो, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. मग डिसेंबर आला. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या पेपरात, आम्ही कानटोप्या घालून बसलेलो, आणि मावशी रात्री दोन वाजता रजई भिरकावून गॅलरीत उभी. तिकडे झोपेचा बट्ट्याबोळ, आणि झोप नाही म्हणून चिडचिड.

सहा महिन्यांनी मी तिला घेऊन गेलो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं दुखणं नाही. अडीच तास बसलो, चार मिनिटं मिळाली. छाती तपासली, रिपोर्ट पाहिले, “एकदम छान आहे” असं म्हणाले. मावशीने बोटं पुढे केली. डॉक्टर हसून म्हणाले, “मावशी, एवढं तर होणारच. कॅन्सर गेला ना? मग!” पुढचा नंबर.

या ‘मग!’वर माझा सगळा राग आहे.

आमच्याकडे बग रिपोर्ट आला की तो बंद करायची एक हुकमी युक्ती असते. लिहायचं, ‘वर्क्स ॲज डिझाइन्ड’. म्हणजे, तुम्हाला त्रास होतोय हे खरं, पण सिस्टीम अशीच बनवलीय. तिकीट क्लोज. शब्दशः खोटं काहीच नसतं त्यात. पण युजरची अडचण जिथल्या तिथे, आणि चार दिवसांनी युजर सॉफ्टवेअर वापरणंच सोडतो. मग मीटिंगमध्ये ‘युजर ॲडॉप्शन कमी आहे’ म्हणून युजरच्याच नावाने बोटं मोडायची. लेट्रोझोल इस्ट्रोजेन कमी करतं, इस्ट्रोजेन कमी झालं की सांधे धरतात. वर्क्स ॲज डिझाइन्ड. बाई गोळी सोडते. आणि मग केसपेपरवर लिहायचं, ‘पेशंट नॉन-कम्प्लायंट’.

सोडतात का खरंच? २०१० मध्ये डॉन हर्शमन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या ८,७६९ बायकांच्या औषधखरेदीच्या नोंदी तपासल्या. या सगळ्या एका मोठ्या आरोग्यसंस्थेच्या सभासद, औषध घरबसल्या मिळण्याची सोय असलेल्या. त्यांतल्या फक्त ४९ टक्के बायकांनी ठरलेला काळ नीट गोळी घेतली. निम्म्याहून कमी! पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी दाखवलं की लवकर सोडणाऱ्या बायकांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. आता हे सांगा, एखादं औषध निम्मे लोक नीट घेत नसतील तर चूक निम्म्या लोकांची असते, की देण्याच्या पद्धतीची?

आपल्याकडे तर सोडणारी बाई सांगतही नाही. मावशीने मधले दोन महिने गोळी एक दिवसाआड घेतली होती. हे तिने डॉक्टरांना सांगितलं नाही, काकांना नाही, मलाही नाही. पाकिटावरच्या रिकाम्या खड्ड्यांचा हिशोब लागेना तेव्हा कळलं. “ओरडतील रे,” एवढंच म्हणाली. चाळीस वर्षं वर्गातल्या पोरांना ओरडणारी बाई!

डॉक्टरांच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा मीच मांडतो, म्हणजे कुणी मला तो ऐकवायला नको. सगळे त्रास गोळीने होत नाहीत. हे खरं आहे. ‘आयबिस-२’ नावाची चाचणी झाली, कॅन्सर नसलेल्या पण धोका जास्त असलेल्या ३,८६४ बायकांवर. निम्म्यांना अ‍ॅनास्ट्रोझोल, निम्म्यांना नुसती साखरेसारखी खोटी गोळी. अंग आणि सांधे दुखल्याची तक्रार खऱ्या गोळीवाल्यांत ६४ टक्के, आणि खोट्या गोळीवाल्यांत ५८ टक्के. फरक आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. पन्नाशी-साठीत सांधे तसेही कुरकुरतात.

मान्य. मग पुढे? दुखणं गोळीचं नसेल तर ते आणखी शोधायला हवं ना! व्हिटॅमिन डी तळाला गेलंय का, थायरॉइड बिघडलंय का, बी-१२ कमी आहे का, साधा संधिवातच आहे का. मावशीचं डी व्हिटॅमिन भलतंच कमी निघालं. तपासायला कुणी सांगितलं? आमच्या गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी. म्हणजे ‘सगळं गोळीमुळे नसतं’ हा मुद्दा काही न करण्यासाठी वापरता येत नाही, तो तर जास्त काही करण्यासाठीचा मुद्दा आहे. शिवाय कारण काहीही असो, बाईच्या मनात दोष गोळीचा असतो आणि ती सोडते गोळीच.

बरं, करण्यासारखं काही नसतं तर ‘होणारच’ मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण आहे की!

सांध्यांचंच घ्या. २०१५ मध्ये ‘होप’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. अरोमाटेजवाली गोळी घेऊन सांधे धरलेल्या १२१ बायका. त्यांतल्या अर्ध्यांकडून वर्षभर आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन वेळा वजनं उचलणं करून घेतलं. त्यांचं सगळ्यात जास्त जाणवणारं दुखणं २९ टक्क्यांनी उतरलं, बाकीच्यांचं होतं तिथेच राहिलं. दुखतंय म्हणून बसून राहायचं की दुखतंय म्हणून चालायचं, याचं उत्तर आपल्या घराघरांत पहिलंच दिलं जातं. “अगं, पड जरा” हे आपलं प्रेम. कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी शेकड्यांनी माणसं चालतात, त्यात साठीच्या पुरुषांची टोळकीच्या टोळकी, आणि त्यांच्या बायका घरी पोहे करत असतात. त्याबद्दल पुन्हा कधीतरी. चालण्याने भागलं नाही तर ड्युलॉक्सेटीनसारखं औषध आहे, काही आठवडे गोळी थांबवून दुसऱ्या भावंडावर जाणं आहे. लेट्रोझोल सोसत नाही तिला एक्झेमेस्टेन सोसू शकतं, एखादीला टॅमॉक्सिफेनवर नेता येतं. पण हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि ठरवायचं तर आधी ऐकायला हवं.

वाफांवर व्हेन्लाफॅक्सिन आहे, गॅबापेंटिन आहे, ऑक्सिब्युटिनिन आहे. कोणाचं तोंड कोरडं पडतं, कोणाला गुंगी येते, पण आहेत. बोलण्याच्या उपचारांचाही उपयोग होतो हे चाचण्यांत दिसलंय. २०२५ मध्ये एलिन्झानेटंट नावाच्या नव्या औषधाची ‘ओअ‍ॅसिस-४’ चाचणी छापून आली, ती तर खास या हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांवरच केलेली. वाफा लक्षणीय कमी झाल्या. जगात कुणाला तरी या घामावर एक अख्खी मोठी चाचणी करावीशी वाटली, आणि आपल्याकडे पंख्याचा वेग वाढवून विषय संपतो.

इथे एक गोष्ट ठळक अक्षरात वाचा. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बाईला उदास वाटतं, घाम येतो म्हणून पॅरॉक्सेटीन किंवा फ्लुऑक्सेटीन सुरू केलं जाऊ शकतं. दोन्ही साधी, स्वस्त, कुणीही लिहून देईल अशी औषधं. पण टॅमॉक्सिफेनचं यकृतात ज्या एन्झाइमने कामाच्या रूपात रूपांतर होतं, तेच ही दोघं अडवून धरतात. २०१० मध्ये कॅनडातल्या ओंटारियोच्या २,४३० बायकांचा अभ्यास ‘बीएमजे’त आला. टॅमॉक्सिफेनसोबत पॅरॉक्सेटीन जितका जास्त काळ घेतलं, तितके कॅन्सरने मृत्यू जास्त. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं ठसठशीत दिसलं नाही, तरी पर्यायी औषधं असताना ही जोखीम घ्यायची कशाला? कॅन्सरचे डॉक्टर एका इमारतीत, मनाचे दुसऱ्या, फॅमिली डॉक्टर तिसऱ्या, आणि तिघांच्या चिठ्ठ्या एकत्र बघणारं जगात एकच माणूस, ती स्वतः. तिला सांगितलंय का कुणी?

हाडांचं तसंच. अरोमाटेजवाल्या गोळ्या हाडं विरळ करतात. गोळी सुरू करताना डेक्सा स्कॅन करायचा, मग ठरावीक वर्षांनी पुन्हा, कॅल्शियम आणि डी द्यायचं, गरज असेल तर सहा महिन्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाइन. हे दुखत नाही म्हणून लक्षातही येत नाही. बाथरूममध्ये पाय घसरून खुबा मोडला की मग लक्षात येतं.

आणि आता तो विषय, ज्यावर मराठीत सगळे घसा खाकरतात. माझ्या एका मित्राची बायको एकेचाळीस वर्षांची. तिला पोटात दर महिन्याला इंजेक्शन देऊन बीजकोश थांबवलेत आणि वर एक्झेमेस्टेन. चाळिशीत एका महिन्यात पाळी जाणं म्हणजे काय ते आपण कल्पनाही करू शकत नाही. रात्री अकरा वाजता गंगापूर रोडला गाडी कडेला घेऊन तो म्हणाला, “दीड वर्ष झालं, आम्ही शेजारी झोपतो नुसते. तिला दुखतं. ती मला सांगत नाही, मी तिला विचारत नाही.” डॉक्टरांना विचारलंस का? “पुरुष डॉक्टर आहेत रे. आणि आई बरोबर असते.” योनीचा कोरडेपणा हा या गोळ्यांचा सगळ्यात नेमाने होणारा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा त्रास आहे. त्यावर हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर मिळतात, नेमाने वापरायची असतात, संबंधांच्या वेळी वेगळं वंगण असतं. तेवढ्याने भागलं नाही तर पुढचे पर्याय कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवता येतात. पण एवढं सांगायलाही कुणी तरी “तुमचं आपसातलं कसं चाललंय?” असं सासूबाईंना बाहेर बसवून विचारायला हवं. नर्सने विचारलं तरी चालेल. नर्सने विचारलं तर जास्तच बरं.

‘होणारच’चा सगळ्यात घातक भाग अजून सांगायचाय. या एका शब्दाखाली जे खरोखर दुर्लक्ष करायचं नाही तेही झाकलं जातं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या, पाळी गेलेल्या बाईला अंगावरून लाल गेलं तर ते ‘होणारच’ नव्हे. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर हा त्या औषधाचा थोडा पण खरा धोका आहे. ॲटलासमध्ये दहा वर्षंवाल्यांत ३.१ टक्के, पाच वर्षंवाल्यांत १.६ टक्के. लगेच तपासलं तर बहुतेकदा वेळेत सापडतो. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, अचानक दम लागला तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी हॉस्पिटल. जिला दोन वर्षं प्रत्येक तक्रारीवर ‘होणारच’ ऐकवलंय, ती सुजलेल्या पायाला तेल चोळत घरी बसेल. तुम्हीच शिकवलंय तिला.

डॉक्टर मंडळी इथे म्हणतील, वेळ कुठाय? आणि ते खोटं नाही. २०२२ च्या ग्लोबोकॅनच्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना नव्याने स्तनाचा कॅन्सर होतो. नाशिकच्या ओपीडीत धुळे, नंदुरबार, जळगावहून माणसं पहाटेची एसटी पकडून येतात. कुणी पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरून टाटा गाठतं आणि त्याच संध्याकाळी परत. डॉक्टरांनी अर्धा अर्धा तास द्यावा असं मी म्हणतच नाहीये. मी म्हणतोय की हे काम डॉक्टरांच्या चार मिनिटांवर टाकणंच चुकीचं आहे.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये इथन बॅश यांनी एक साधी गोष्ट केली. केमो चालू असलेल्या ७६६ पेशंटपैकी काहींना दोन भेटींच्या मधल्या काळात स्वतःच्या तक्रारी कॉम्प्युटरवर नोंदवायला सांगितल्या. बारा नेहमीच्या तक्रारी, किती त्रास ते आकड्यात. वाढलं की नर्सला ईमेल. बस्स. २०१७ मध्ये ‘जामा’त निकाल आला. नोंदवणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीवाल्यांचं २६. ही पसरलेल्या कॅन्सरची माणसं होती, गोळीवाल्या बायका नव्हेत, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण हे काम कॉलेजमधला पोरगा दोन शनिवारांत बांधून देईल! आपल्याकडे कॉम्प्युटरही नको. महिन्यातून एक फोन, एक ट्रेनिंग दिलेली नर्स, पाच-सात प्रश्न. अपॉइंटमेंटची आठवण करून देणारा एसएमएस दहा वेळा येतो, वाढदिवसाच्या शुभेच्छाही येतात. “गोळी सोसतेय का?” असा एकही येत नाही.

ऑक्टोबर आला की गुलाबी टी-शर्ट, गुलाबी फुगे, सकाळी रॅली. करा, गाठ लवकर सापडायलाच हवी. पण सापडलेल्या बाईची पुढची दहा वर्षं कोणाच्या रंगात येतात?

आणि ही पोकळी रिकामी राहत नाही हेही लक्षात घ्या. डॉक्टर ऐकत नाहीत तिथे व्हॉट्सॲप ऐकतं. मावशीला तीन वेगवेगळ्या लोकांनी ‘हार्मोन बॅलन्स’ करणारी चूर्णं सुचवली. ज्या बाईचं इस्ट्रोजेन मुद्दाम पाडलंय तिला बॅलन्स कसला करताय? त्यातल्या एकाने तर “इंग्लिश गोळी सोडाल तर महिन्यात बोटं मोकळी” अशी गॅरंटी दिली. खरीच आहे ती गॅरंटी, वाईट हेच आहे. गोळी सोडली की बोटं मोकळी होतातच. बिल पाच वर्षांनी येतं, तोवर चूर्णवाल्याचा नंबर बदललेला असतो.

आम्ही पुढच्या भेटीला एक कागद घेऊन गेलो. तक्रार नव्हती त्यात, फक्त नोंदी. अनुभव असा की ‘सांधे दुखतात’ म्हटलं की ‘होणारच’ येतं, पण ‘गेल्या तीस दिवसांत बावीस दिवस सकाळी दुधाची पिशवी फोडता आली नाही’ म्हटलं की डॉक्टर पेन खाली ठेवतात. त्यांनी ठेवलं. गोळी बदलली, डेक्सा लिहून दिला, फिजिओथेरपीला पाठवलं. बोटं अजून पूर्ण सुटलेली नाहीत. पोळ्या काका लाटतात, नकाशे होतात, चालतं.

त्या कागदावरचे प्रश्न इथे देतो. मुद्दाम बोलण्यातल्या भाषेत ठेवलेत, कारण ‘हॉट फ्लशेस येतात का’ म्हटलं की बाया मान हलवतात, हो की नाही ते कळत नाही. गेल्या आठवड्यात किती सकाळी बोटं वळली नाहीत? नळ घट्ट बंद करता येतो का, ओला टॉवेल पिळता येतो का? अंगातून वाफ निघून रात्री कितीदा उठलात? महिन्यात किती गोळ्या राहिल्या (कुणी ओरडणार नाही)? जवळ येताना दुखतं का? अंगावरून काही गेलं का, एकच पाय सुजला का? दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांनी नवीन काही सुरू केलं का?

छापून घ्या, फ्रीजवर लावा, हवे तसे बदला. कुणाला अहिराणीत करता आले तर मला पाठवा. मावशीच्या रांगेत शेजारी बसणाऱ्या साक्रीच्या एक आजी आहेत, त्यांच्यासाठी हवेत. त्यांची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे.